जास्वंदीचा फोटो लावून विचारलेला प्रश्न

सल्ला द्यायची खोड आमच्या घरात तीन पिढ्यांची आहे. आजोबा भिक्षुकी करायचे. कुणी कुठल्या दिवशी पाया खणावा ते सांगायचे. वडील तहसीलमध्ये कारकून झाले. कुठला अर्ज कुठल्या टेबलावर आधी न्यावा ते सांगायचे. या दोघांना लोक निदान ओळखत होते, सल्ला फसला तर घरी येऊन भांडू शकत होते. मी ती अडचणच काढून टाकली. मी मोबाईलवर अनोळखी लोकांना सल्ले द्यायला लागलो.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. नाव पुढं बदललं, नळाची तऱ्हा तीच राहिली. दुष्काळाची वर्षं एकाला एक लागून आलेली. धरणात तळाचा गाळ दिसायला लागलेला आणि शहर मात्र चारही अंगांनी सुटलेलं. आमच्या पुंडलिकनगरात एवढ्याएवढ्याशा प्लॉटवर मजल्यावर मजले चढत होते. आम्हीही चढवले. तळाला मोटारी रिवाइंड करून देणारं एक दुकान भाड्यानं दिलेलं, मधला मजला नुसता गिलावा करून ठेवलेला, आणि वर आम्ही तिघं: मी, बायको आणि अप्पा, म्हणजे माझे वडील. वाळूजच्या ज्या कंपनीत मी स्टोअर सांभाळायचो तिथं पाणीकपातीमुळं पाळ्या कमी केल्या होत्या. निम्मा आठवडा मी घरी. बायको सकाळी बालवाडीत शिकवायची आणि दुपारपासून घरात राबायची. मी मोबाईलवर राबायचो.

ग्रुप मोठा होता. कोण कुठला, कुणाला ठाऊक नाही. पिठात किडे होऊ नयेत म्हणून काय घालावं, साडूच्या वास्तुशांतीला न जायचं काय कारण सांगावं, घरमालक वरच्या मजल्यावर खलबत्ता कुटतो त्याला कसं समजवावं, असले प्रश्न यायचे. उत्तर द्यायला आम्ही टपलेले. त्यात दुष्काळ पडला आणि माझं नशीब उघडलं, कारण सगळे पाण्याचंच विचारायला लागले.

माझा एक सल्ला फार गाजला. मी लिहिलं होतं: ‘वरच्या टाकीत पाणी चढवूच नका. तोटी सोडली की किती गेलं ते कळत नाही. खालच्या हौदातून बादलीनं भरा. हातानं वाहिलं की हाताला किंमत कळते, आणि पाणी आपोआप कमी लागतं.’ लोकांनी हात जोडलेल्या चित्रांची रांग लावली. एका गृहस्थानं मला ‘जलगुरू’ म्हटलं. मी ते वाक्य बायकोला वाचून दाखवलं तेव्हा ती दोन्ही हातांत बादल्या घेऊन जिना चढून आली होती.

“पाय घ्या वर,” ती म्हणाली. “जलगुरूंचे पाय भिजतील.”

मी पाय वर घेतले. हात मोबाईलवरच राहिले.

तर अशा घरात अप्पांनी पाणी पिणं सोडलं.

सोडलं म्हणजे एकदम नाही. आधी जेवताना पिईनात. मग चहाला नको म्हणायला लागले. तांब्या भरून उशाशी ठेवला तर संध्याकाळी तो तसाच. बायकोनं विचारलं की म्हणायचे, “पिलो की गं,” आणि एकदा मी बघितलं, पेला ओठाला लावून त्यांनी तो अलगद परत कळशीत ओतला. चोरी पकडली गेल्यासारखे माझ्याकडं बघून हसले. म्हणाले, “तहान नाय लागत रे या वयात. कशाला वाया घालायचं?”

ओठांना चिरा पडल्या. चालताना भिंत धरायला लागले. डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, अप्पांना बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, “किडन्या दमल्यात. यांना पाणी पाजा. औषध मी देतो, पण यांचं औषध पाणी आहे. नाही पाजलंत तर पुढच्या वेळी तुम्ही इथं येणार नाही, थेट डायलिसिसच्या मशीनवर न्यावं लागेल.”

मशीन म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्या कंपनीतल्या एका माणसाचे वडील मशीनवर होते. तो माणूस डबा खाताना मध्येच थांबायचा आणि भिंतीकडं बघत राहायचा.

मी घाबरलो. आणि घाबरलेला माणूस करतो ते सगळं केलं. अप्पांना समजावलं, रागावलो, आईची शपथ घातली. अप्पा प्रत्येक वेळी “व्हय व्हय” म्हणायचे आणि कोरड्या ओठांवरून जीभ फिरवायचे. शेवटी ग्रुपवर विचारावं असं ठरवलं. पण विचारणार कुठल्या तोंडानं? जलगुरूचा बाप घरात पाण्यावाचून वाळतोय, हे कसं लिहायचं? म्हणून मी एक नवं खातं उघडलं. फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल लावलं. पुरुषानं विचारलं की लोक डॉक्टरचा पत्ता देतात, बाईनं विचारलं की मनापासून बोलतात, एवढं मला त्या ग्रुपवर कळून चुकलं होतं. म्हणून मी सून झालो आणि लिहिलं: ‘माझे सासरे पाणी पीत नाहीत. डॉक्टर म्हणतात जिवाला धोका आहे. काय करू?’

तासाभरात सल्ल्यांचा ढीग. बरं, आपण दिलेले सल्ले लोक कसे पाळत असतील याचा मी कधी विचार केला नव्हता. आता पाळायची पाळी माझी होती. कुणी म्हणालं कलिंगड द्या. दिलं. अप्पांनी बिया काढायच्या निमित्तानं अर्धी फोड संपवली आणि उरलेली सुनेच्या ताटात सरकवली. कुणी म्हणालं मोबाईलवर गजर लावा, दर तासाला घंटा वाजली की प्यायचं. मी देवळाच्या घंटेचा आवाज लावला. घंटा वाजली की अप्पा देव्हाऱ्याकडं वळून हात जोडायचे. दिवसभर हात जोडत राहिले. कुणी म्हणालं खारे पापड द्या, तहान लागेल. पापडांनी तहान लागली नाही, रक्तदाब चढला, आणि डॉक्टरांनी मला विचारलं, “ही अक्कल कुणी दिली?” मी सांगितलं, “ओळखीचं कुणी नाही.”

उरलेले सगळे एकाच माणसाच्या मागं लागले होते. ‘ताई, तुमचा नवरा काय करतो?’ ‘बाप त्याचा ना? मग तो कुठंय?’ ‘मोबाईल बघत बसला असेल सोफ्यावर.’ मी सोफ्यावर होतो. ‘असल्या माणसाला आधी दोन दिवस उपाशी ठेवा, सासऱ्यांचं नंतर बघू.’ सून म्हणून मला नवऱ्याची बाजू घेणं भाग होतं, तर मी लिहिलं, ‘ते स्वभावानं चांगले आहेत.’ त्यावर लोक आणखी चिडले.

दुपारी बायको पोळ्या लाटत होती. मोबाईल डब्याला टेकवून ठेवलेला. तीही त्याच ग्रुपवर होती, हे मी साफ विसरलो होतो.

“ऐकलं का?” ती म्हणाली. “अगदी आपल्या घरासारखं एक घर आहे बघा. सासरे पाणी पीत नाहीत. बाई बिचारी रडकुंडीला आलीय.”

“अरेरे,” मी म्हणालो.

“हिचा नवरा काही दिसत नाही पण गोष्टीत.”

“कामावर जात असेल.”

“हां,” तिनं पोळी उलटली. “असेल. फूल छान लावलंय.”

आमच्या कुंडीतली जास्वंद होती ती. मी उठून उगाच गॅलरीत गेलो.

तिथं उभा असताना एका नव्या बाईचा प्रश्न आला. लिहिलं होतं, बिडकीनची आहे. ‘ताई, तुमच्याकडं पाणी कोण भरतंय?’

मी लिहिलं, ‘मीच.’

‘जिने चढून?’

‘हो. हौद खाली आहे.’

‘मंग ते कशाला पितील, ताई? पिलं की जावं लागतंय. गेलं की ओतावं लागतंय. सुनेनं जिने चढून वाहिलेलं पाणी सासरा तिथं ओतीन का? माझे सासरे बी असेच. तोंडानं बोलले नाईत कधी. आमच्या रानातून मोठ्ठा रस्ता गेला, दिव्याचे खांब आले, नळ काय आला नाय. मी लांबून हंडे आणायची. ते बघायचे आणि मान खाली घालायचे. मला लई उशिरा कळलं.’

मी लिहिलं, ‘मग?’

‘मंग काय. गेले.’

मी मोबाईल खाली ठेवला आणि मोरीकडं गेलो. संडासातली बादली सकाळी बायकोनं काठोकाठ भरली होती. ती तशीच होती. बाजूला एक छोटा तांब्या. अप्पा तांब्यावर भागवत होते. घरादाराला ‘हाताला किंमत कळते’ म्हणून सांगितलं होतं मी. ती ज्याला कळली तो म्हातारा कोपऱ्यातल्या खुर्चीत वाळत बसला होता. आणि हे सुनेनं सासऱ्याला विचारावं किंवा सासऱ्यानं सुनेला सांगावं, अशी आमच्या घरात सोयच नव्हती. अप्पा आयुष्यात कधी सुनेसमोर बनियनवर बसले नाहीत. ते संडासाच्या पाण्याविषयी तोंड उघडणार होते?

बायकोला सांगावं तर ‘तू वाहतेस म्हणून ते पीत नाहीत’ असं सांगावं लागलं असतं. माझ्यासारख्या माणसाच्या तोंडून ते वाक्य कसं आलं असतं याची कल्पना करा.

आधी वाटलं, सोपं आहे. जलगुरूचा सल्ला गुंडाळायचा, मोटार लावून पाणी वरच्या टाकीत चढवायचं, तोटी सुरू. हौदात पाणी बुडापुरतं होतं हे मी बघितलं नाही. मोटारीनं थोडी हवा ओढली, एक लांब हुंकार दिला आणि जळक्या वासाचा धूर सोडला. दुकानवाले भाई धावत आले. छावणी भागात राहायचे, दुष्काळात जळक्या मोटारींनी त्यांचं दुकान भरून वाहत होतं.

“सुक्की चलाए ना तुम?” ते म्हणाले. “क्या जल्दी थी भाई? पानीच नै तो मोटर क्या पियेगी?”

मग मी बादल्या उचलल्या. मधल्या मजल्यावर पोहोचेपर्यंत पायावर निम्मं सांडलं. वरच्या जिन्यात श्वास लागला. खालून भाईंचा आवाज, “भाभी की तबियत खराब है क्या? तुम कायकू उठारे?” गॅलरीतून अप्पा बघत होते. मी मुद्दाम मोठ्यानं धापा टाकत त्यांच्यासमोरून गेलो, की त्यांना दिसावं, आता सून वाहत नाही.

“सूनबाई बरी हाय ना?” त्यांनी विचारलं.

“बरी आहे. आता मीच भरणार. तुम्ही बिनधास्त प्या.”

अप्पांनी माझ्या ओल्या पायांकडं बघितलं. “तुझी पाठ कशी हाय ते मला ठाऊक हाय,” ते म्हणाले. “लहानपणी दप्तर सुदीक मीच उचलायचो तुझं.”

पेला त्यांनी हातात घेतला. दोन घोट घेतले, माझं मन राखायला. तेवढंच.

तीन-चार दिवसांनी ते मोरीच्या दारात पडले. पडले म्हणजे दार धरून खाली बसले आणि उठता येईना. बायकोनं आणि मी मिळून त्यांना उचललं; फार हलके झाले होते. भाईंनी दुकानाचं शटर ओढलं आणि स्वतःच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि नर्सला सांगितलं, लघवीवर लक्ष ठेवा. मशीनचं बघू उद्या.

मी खुर्चीत बसून राहिलो. त्या जास्वंदीच्या खात्यावर लोक विचारत होते, सासऱ्यांचं काय झालं. सल्ले अजून येतच होते: नारळपाणी, सब्जा, एक मंत्र. मला त्या मोबाईलची किळस आली, आणि तरी तो हातातून सुटेना. दुसरं काय धरावं तेच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अप्पांना वॉर्डबॉयनं धरून संडासात नेलं. आतून फ्लशचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा तोच आवाज. बाहेर आले तेव्हा चेहरा वेगळाच.

“दाबलं की येतंय रे,” ते मला म्हणाले. “इथं कोण भरतंय?”

“कुणी नाही. नळाला आहे.”

“कुणीच नाय?”

“कुणीच नाही, अप्पा.”

ते कॉटवर टेकले आणि म्हणाले, “पाणी दे बरं जरा.” एक पेला घटाघट प्यायले. मग दुसरा. मग हात पुढं केला, तिसऱ्यासाठी. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं, ते पुसायलाही थांबले नाहीत. किती दिवसांची तहान होती कोण जाणे. मी ओतत राहिलो. मला त्यांच्याकडं बघवेना म्हणून खिडकीबाहेर बघितलं, तर मागच्या आवारात टँकर लागलेला आणि दोन माणसं जाड नळी खांद्यावर घेऊन ओढत होती. एक तर अप्पांच्याच वयाचा. मी पटकन पडदा ओढून घेतला.

दवाखान्यात होतो तोवर तो पडदा मी उघडू दिला नाही. नर्स म्हणायची, “अहो, उजेड येऊ द्या.” मी म्हणायचो, त्यांच्या डोळ्यांना त्रास होतो. अप्पा म्हणायचे, “मला काय त्रास नाय.” मी खुर्ची खिडकीला टेकवून पहाऱ्यासारखा बसायचो.

मशीन टळलं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही, पण उरलंय तेवढं सांभाळलं तर चालेल. सांभाळलं तर. घरी न्यायला हरकत नाही. मी अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी संडासाच्या दाराकडं बघितलं आणि अगदी हळू विचारलं, “अजून दोन दिवस ठेवत नाईत का इथं?”

मी मोबाईल काढला.

बिडकीनच्या बाईला मी लिहिलं, ‘सासरे वाचले. पण घरी नेलं की पुन्हा तेच होईल.’ तिनं लिहिलं, ‘त्यांना हौदापाशी ठेवा. टँकरची नळी पोचंल तिथं. कुणी उचललं नाय म्हणजे झालं. आणि मालक भरतेत का आता?’ मी लिहिलं, ‘भरतात.’ ती म्हणाली, ‘फोटो टाका.’

भाईंना विचारलं. दुकानामागं एक खोली होती, जळक्या मोटारी रचलेली, आणि तिला लागून जुना संडास. भाई म्हणाले, “पूछना क्या उसमें? चाचा को नीचे लाओ.” मोटारी मधल्या मजल्यावर गेल्या, अप्पा खाली आले. दाराशी एक मोठं पिंप ठेवलं, त्याला खाली तोटी. टँकर आला की नळी थेट पिंपात. अप्पांनी ती नळी, ते पिंप, ती तोटी नीट बघून घेतली. मधे कुणाचा हात लागत नाही याची खात्री केली. मग पेला भरला आणि प्यायले. दिवसभर दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारायचे, कुठला अर्ज कुठं द्यावा ते सांगायचे, आणि मधेमधे पाणी प्यायचे. आम्हाला वाटलं, सुटलो.

मग टँकर यायचा थांबला. आज येतो, उद्या येतो. नळाचाही दिवस चुकला. पिंपाची तोटी आधी बारीक झाली, मग थेंबावर आली. हौदाच्या तळाला नुसता ओलावा. मी सगळ्या ओळखीच्या टँकरवाल्यांना फोन लावले. कंपनीतून दोन बाटल्या भरून आणल्या. दुपारी खाली गेलो तर अप्पांनी पेला पिंपावर पालथा घातलेला आणि ओठ पुन्हा तसेच पांढरे. मला बघून म्हणाले, “तहान नाय लागत.”

मी पायरीवरच बसलो. माझ्याकडचं सगळं संपलं होतं.

तेवढ्यात जिन्यावरून बायको उतरली. हातात स्टीलची बादली, वरून झाकण. वर स्वयंपाकघरात जे काही साठवलेलं होतं, कळशीतलं, पातेल्यातलं, ते सगळं एकत्र करून आणलेलं. अप्पांनी ती बघितली आणि मान खाली घातली.

“अप्पा,” ती म्हणाली. “ही मी आणलीय. माझ्या हातानं. तुम्ही का पीत नाही ते मला कधीचं कळलंय. त्या ग्रुपवर बिडकीनच्या बाईनं लिहिलेलं मी वाचलं.” माझ्याकडं तिनं नुसती एक नजर टाकली. “तुम्ही बोलायचा नाहीत, म्हणून मीही बोलले नाही. आता बोलते. प्या. आणि मग जा. आणि जाताना ही बादली घेऊन जा, आणि सगळी ओता.”

भाईंनी हातातली तार खाली ठेवली आणि तोंड फिरवलं.

“सूनबाई,” अप्पा म्हणाले, “तसं नसतं गं.”

“माझे वडील आजारी होते तेव्हा त्यांचं सगळं मी केलंय. ते शेवटी मला म्हणाले होते, लाज वाटती. मी तुमच्या घरात येऊन परत तेच ऐकू का?”

बाहेर रस्त्यावर पाण्याच्या जारची रिक्षा कर्णा लावून गेली. अप्पांनी पिंपावरचा पेला उताणा केला. बायकोनं भरला. ते प्यायले. तिनं परत भरला.

“जास्त होईल,” ते म्हणाले.

“होऊ द्या.”

दुसराही प्यायले. बसून राहिले. आम्हीही तिथंच, कुणाला हलायचं सुचेना. पुष्कळ वेळानं अप्पा भिंत धरून उठले. मी बादली उचलायला पुढं झालो, तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतःच ती दोन्ही हातांनी धरून, फरशीवरून थोडी ओढत, संडासात नेली. दाराची कडी लागली.

बायको जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती. डोळे दाराकडं. भाई जळक्या मोटारीच्या वेटोळ्याकडं बघत होते, मी भाईंकडं.

मग आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. तांब्याचा नव्हे. बादलीचा.